किल्ली तुमची, खोली त्याची

पत्र थोडं आखडून देतो आहे:

"वरची खोली आम्ही दोन वर्षांपासून एका नोकरदार मुलाला भाड्याने दिली आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तीन पोलीस आले. एक वर्दीत, दोघं साध्या कपड्यांत. 'वरची खोली उघडा, दोन मिनिटं बघायचंय,' म्हणाले. मुलगा कामावर होता. 'त्याला येऊ द्या ना,' म्हटलं तर म्हणाले, 'घर तुमचंच आहे ना? मग तुम्ही उघडा. नाहीतर तुमचंही नाव येईल.' माझ्याकडे दुसरी किल्ली होती, मी उघडलं. त्यांनी लॅपटॉप आणि एक बॅग नेली. जाताना खाली आमचं कपाटही उघडून पाहिलं. माझा मोबाइल मागून घेऊन मेसेज वर-खाली केले. एका कागदावर माझी सही घेतली, त्यावर खाली बरीच जागा कोरी होती. आता तो मुलगा विचारतो, 'काकू, तुम्ही उघडलंच का?' मी नाही म्हणू शकले असते का? परत येऊ असं सांगून गेलेत. तेव्हा काय करू? – एक घरमालकीण"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी अडलो ते 'खाली बरीच जागा कोरी होती' या शब्दांपाशी. त्याकडे येतोच. आधी तुमचा प्रश्न: नाही म्हणता आलं असतं का?

आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते की वॉरंट नसेल तर पोलिसांना उंबरठा ओलांडता येत नाही. ती खरी नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ९६ खाली न्यायालय झडतीचं वॉरंट काढतं, हा झाला राजमार्ग. पण कलम १८५ खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अधिकारी वॉरंटशिवायही घरझडती घेऊ शकतो. जुन्या संहितेत हेच कलम १६५ होतं. रोजच्या व्यवहारात बहुतांश झडत्या याच वाटेने होतात.

मात्र या वाटेवर अटी आहेत. अमुक गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू अमुक जागी आहे, आणि वॉरंटची वाट पाहिली तर नको इतका उशीर होईल, असं मानायला अधिकाऱ्याजवळ वाजवी कारण हवं. ते कारण झडतीच्या आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहून काढायचं असतं. काय शोधायचं आहे तेही जमेल तितकं नेमकं लिहायचं. तपासी अधिकाऱ्याने शक्यतो स्वतः यायचं. येणं जमत नसेल तर हाताखालच्या माणसाला लेखी आदेश द्यायचा आणि त्यात जागा व वस्तू नमूद करायची. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत.

आता तुमच्या दारातलं वाक्य पाहा. 'दोन मिनिटं बघायचंय.' ही कायद्याची भाषा नव्हे. ही विनंती आहे, आणि विनंतीला नकार देता येतो. पण पुढच्याच वाक्यात धमकी आली आणि विनंतीचा हुकूम झाला. अशा वेळी घाबरलेला माणूस दोन्हींत फरक करू शकत नाही, म्हणून तो फरक त्यांच्याकडूनच करून घ्यायचा: 'साहेब, तुम्ही परवानगी मागताय, की कायद्याने झडती घेताय?' परवानगी मागत असतील तर 'खोली ज्याच्या ताब्यात आहे तो आल्यावर त्याला विचारा' एवढं सांगून मोकळं व्हा. झडती घेत असतील तर वॉरंट दाखवायला सांगा. वॉरंट नसेल तर गुन्हा रजिस्टर नंबर कोणता, तपास कोणाकडे आहे, आणि आलेला माणूस स्वतः तपासी अधिकारी नसेल तर त्याला दिलेला लेखी आदेश कुठे आहे, हे विचारा. केस डायरीतली कारणं ते दारात वाचून दाखवणार नाहीत, तशी सक्तीही नाही. पण वॉरंट आणि लेखी आदेश हे कागद खिशात असण्याजोगे आहेत.

साध्या कपड्यांत कोणी आलं असेल तर ओळखपत्र मागा, नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. शंका वाटली तर ११२ वर किंवा थेट ठाण्यात फोन लावून 'तुमची माणसं इथे आली आहेत का' असं विचारा. खऱ्या पोलिसाला याचा राग आला तरी चालेल. हल्ली पोलीस असल्याची बतावणी करून घरात शिरणारे आणि फोनवरून लुबाडणारे इतके झाले आहेत की हे विचारणं कुणाचा अपमान राहिलेलं नाही.

इतकं सगळं विचारूनही ते म्हणाले, 'आम्ही आत जाणार', तर बाजूला व्हा. दार अडवायचं नाही, हात लावायचा नाही, आरडाओरड करायची नाही. यामागे भित्रेपणा नाही, कायदाच तसा आहे. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे, लोकसेवक आपल्या हुद्द्याच्या नात्याने सद्भावनेने एखादी गोष्ट करत असेल, तर ती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी, जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका नसताना तुम्हाला स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. उलट कामात अडथळा आणला म्हणून कलम २२१ लागू शकतं, त्यात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धक्काबुक्की झाली तर कलम १३२, तिथे २ वर्षांपर्यंत. ज्यांच्या घरात काहीच सापडलं नाही, पण दारातल्या झटापटीमुळे ज्यांच्यावर वेगळाच गुन्हा दाखल झाला, अशी माणसं मी कोर्टाच्या बाकावर बसलेली पाहिली आहेत. तुमच्या तोंडी एवढंच वाक्य हवं: 'मी अडवत नाही, पण माझी संमतीही नाही.' शांतपणे, दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडेल अशा आवाजात.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याच्या जागी मीही तोच विचारला असता. खोली तुमच्या मालकीची, पण ताबा त्याचा. घराची मालकीण म्हणून तुम्हाला भाडं घेता येतं. त्याच्या वतीने त्याच्या कपड्यांची, कागदांची, लॅपटॉपची झडती द्यायला संमती देता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये झडतीचे जे सर्वसाधारण नियम आहेत, ते कलम १८५ च्या झडतीलाही लागू होतात. त्यात म्हटलं आहे की जागेत राहणाऱ्याला, किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी, झडतीच्या वेळी हजर राहू दिलं पाहिजे. 'त्याला येऊ द्या ना' हे जे तुमच्या तोंडून आपसूक निघालं, ते कायद्याला धरूनच होतं. त्याला फोन लावला असता आणि 'येईपर्यंत अर्धा तास थांबता का' असं विचारलं असतं, तर कदाचित थांबले असते, कदाचित नसते. पण फोन केल्याची वेळ तुमच्या मोबाइलमध्ये राहिली असती.

तरी स्वतःला फार बोल लावू नका. कायदेशीर झडतीत दार उघडलं नाही तर ते फोडायचा अधिकार पोलिसांना आहे. तुम्ही किल्ली दिली म्हणून निदान कुलूप शाबूत राहिलं. चूक किल्ली देण्यात झाली नाही, एक अक्षरही न विचारता देण्यात झाली.

आता त्या कोऱ्या जागेबद्दल.

तो कागद बहुधा झडती आणि जप्तीचा पंचनामा असावा. पंचनाम्याची रीत अशी: त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. तिथे कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही तर दुसऱ्या वस्तीतले चालतात. झडती त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायची. काय उचललं आणि ते कुठून उचललं याची यादी तिथेच करायची, तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि सह्या झालेल्या यादीची प्रत जागेत राहणाऱ्याला द्यायची. तुम्ही तिघांचाच उल्लेख केलात. तिघेही पोलीस होते. मग पंच कोण होते? शेजारून कुणाला बोलावलं होतं का? नसेल, तर एक शक्यता नीट तपासून पाहायला हवी, ती म्हणजे पंच म्हणून तुमचीच सही घेतली गेली आहे. तसं असेल तर उद्या कोर्टातून समन्स येईल, तुम्हाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, आणि त्या कोऱ्या जागेत नंतर जे भरलं गेलं असेल ते 'माझ्यासमोर घडलं' असं तुम्ही सहीने कबूल केल्याचं दाखवलं जाईल.

उलटतपासणीत पंचनाम्याचं काय होतं ते सांगतो, म्हणजे कळेल. एका खटल्यात पंचाला मी विचारलं होतं, 'खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं?' तो गप्प. 'पलंग होता की गादी?' तो गप्प. सही मात्र ठसठशीत होती, दोन्ही पानांवर. असे ठेवणीतले पंच सगळीकडे असतात, आणि ते कुणाच्याच कामाचे नसतात, पोलिसांच्याही नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोऱ्या जागेवर सही नाही. म्हणजे सहीच करायची नाही असं नव्हे. आधी पूर्ण वाचायचं. वाचायला चष्मा लागत असेल तर चष्मा आणेपर्यंत त्यांनी थांबायचं. शेवटची ओळ आणि आपली सही यांच्यात जागा राहिली असेल तर तिथे तिरकी रेघ मारायची. सहीखाली तारीख आणि घड्याळातली वेळ टाकायची. प्रत दिली नसेल तर सहीशेजारीच लिहायचं, 'प्रत मिळाली नाही'. सही कुठल्या नात्याने करताय तेही लिहायचं: घरमालक, हजर व्यक्ती, पंच. लॅपटॉपसारखी वस्तू असेल तर यादीत नुसतं 'एक काळा लॅपटॉप' पुरत नाही. कंपनी, मॉडेल, मागच्या बाजूचा सिरियल नंबर हवा, आणि वस्तू तिथल्या तिथे सीलबंद होऊन सीलवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागली पाहिजे. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू टाकायची असते. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठ्याचा ठसा समजा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. ती पहिल्याच दिवशी काढलेली असेल तर नंतर आत काही घुसडलं किंवा पुसलं गेलं का, हे पकडता येतं.

आणखी एक जुनी पद्धत आहे, हल्ली कागदावर जास्त आणि प्रत्यक्षात कमी दिसणारी. आत शिरण्याआधी पोलीस आणि पंच स्वतःची अंगझडती घरातल्या माणसाला देऊ करतात, म्हणजे बाहेरून काही आणून ठेवलं असा आरोप नको. पंचनाम्यात हे वाक्य बहुधा छापल्यासारखं येतं. ते तुमच्यासमोर घडलं नसेल आणि कागदात असेल, तर सही करताना तेही लिहा.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक गोष्ट मात्र चांगली केली. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी करणं आणि तिच्यावर पंचांच्या सह्या होणं, हे सगळं दृक्‌श्राव्य चित्रीकरणात आलंच पाहिजे. मोबाइलवर केलं तरी चालतं, कायद्यानेच तसं म्हटलं आहे. ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. तुमच्या पत्रात कुणी चित्रीकरण करत होतं असा उल्लेख नाही. आठवून पाहा. कुणीच करत नसेल तर ती मोठी त्रुटी आहे.

तुमचं कपाट आणि तुमचा मोबाइल. ज्या जागेसाठी झडती, तेवढीच जागा. वरच्या खोलीसाठी आलेल्यांनी जाता जाता खालचं कपाट उघडायचं नसतं; खाली काही आहे असं वाटत असेल तर त्याचंही कारण आधी लिहावं लागतं. अंगझडतीचा प्रश्न आला तर स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच, आणि पूर्ण सभ्यता राखून घ्यायची, हे कलम १०३ मध्ये स्पष्ट आहे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावर जी बंधनं आहेत ती अटकेची आहेत, घरझडतीची नाहीत. या दोहोंची लोक सरमिसळ करतात. साडेसातला आले एवढ्यावरून झडती बेकायदा ठरत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र वॉरंटशिवाय सूर्यास्तानंतर शिरायचं तर त्याची वेगळी कारणं लिहावी लागतात.

मोबाइल दारात उभ्या उभ्या चाळायला द्यायचा नाही. तुम्ही आरोपी नाही. तुमच्या फोनमधलं काही तपासाला हवं असेल तर कलम ९४ खाली लेखी आदेश देऊन ते मागवता येतं. त्यात आता फोनसारखी उपकरणंही येतात. तसा आदेश आला तर पाळा, आणि फोन देताना पावती घ्या. आरोपीच्या फोनचा पासवर्ड सक्तीने घेता येतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण बोटाचा ठसा देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी १९६१ मध्येच म्हटलं आहे. डोक्यातला पासवर्ड ठशासारखा की साक्षीसारखा, वाद तिथे अडला आहे. तुमच्या भाडेकरूने वकिलाला विचारल्याशिवाय पासवर्ड लिहून देऊ नये, एवढं त्याला सांगा.

आता थोडं कडू. इतक्या त्रुटी निघाल्या म्हणजे लॅपटॉपमधला पुरावा रद्दच होणार, असं त्या मुलाला कुणी सांगितलं असेल तर त्याने त्यावर विसंबू नये. झडती बेकायदा असली तरी तिच्यातून मिळालेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरण मल यांच्या खटल्यात सांगितलं आणि ते आजही धरलं जातं. अमली पदार्थांच्या अंगझडतीसारखे काही अपवाद आहेत. त्रुटींचा उपयोग होतो तो पुरावा किती विश्वासाचा हे ठरवताना. २०१७ मध्ये ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यामुळे झडतीकडे पाहण्याची नजर बदलते आहे, पण हळूहळू. तपासाची कायद्याने घालून दिलेली रीत जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकासाठी न्याय संहितेत कलम १९९ आहे, ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरीचं. ते सिद्ध करणं सोपं नाही, तरी तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करावा.

'लपवायचं काही नसेल तर घाबरायचं कशाला' असं तुम्हाला आतापर्यंत दोन-चार जणांनी ऐकवलं असेल. त्यांना विचारा, त्यांनी कधी कोऱ्या कागदावर सही केली आहे का.

आज काय करायचं ते सांगतो. एक वही घ्या आणि त्या संध्याकाळी काय झालं ते आठवेल तसं, क्रमाने लिहा: किती वाजता आले, कोण काय बोललं, कुठलं कपाट, कागदावर वरच्या बाजूला काय छापलं होतं, सही कुठे केली. खाली आजचीच तारीख घाला, मागची घालू नका. घरी किंवा शेजारी कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं चित्रण आजच काढून ठेवा. बहुतेक कॅमेरे काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं लिहितात. वरच्या खोलीतलं काहीही हलवू नका आणि त्यालाही हलवायला सांगू नका. फोनमधले मेसेज पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात निष्पाप माणूसही अडकतो.

त्यानंतर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला माझी सही घेतली, कागदावर जागा कोरी होती, प्रत मिळाली नाही, सही कोणत्या नात्याने घेतली ते कळवावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना. तक्रारीचा सूर नको, चौकशीचा ठेवा.

ते परत आले आणि जबाब घेऊ म्हणाले, तर लक्षात ठेवा की साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच येऊन विचारावं लागतं. खरं तेच सांगा, त्या मुलाची बाजू घेण्याच्या भरात काही रचू नका. आणि एक गंमत आहे, पंचनाम्यावर सही लागते, पण तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं. 'इथे सही करा' म्हणाले तर 'हा पंचनामा आहे की जबाब?' एवढं विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते.

लॅपटॉप परत मिळावा म्हणून त्या मुलाने दंडाधिकाऱ्याकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करायचा, कलम ४९७ किंवा ५०३ खाली. वस्तू मिळाली तर ती बहुधा सुपूर्तनाम्यावर मिळते, म्हणजे बोलावतील तेव्हा हजर करण्याच्या बोलीवर. तो अर्ज त्याचाच. दुसरा एक अर्ज मात्र तुम्हीही तुमच्या नावाने करू शकता. कलम १८५ प्रमाणे दंडाधिकाऱ्याकडे गेलेल्या नोंदींची प्रत जागेच्या 'मालकाला किंवा ताबेदाराला' अर्ज केल्यावर विनामूल्य मिळते. ४८ तास केव्हाच उलटून गेले आहेत. सोमवारी सकाळी दोघांनी मिळून कोर्टात जा, तुम्ही मालक म्हणून, तो ताबेदार म्हणून, आणि दोन वेगवेगळे अर्ज द्या. नोंद असेल तर प्रत हातात येईल. पोलिसांकडून असा कागद आलेलाच नाही असं उत्तर मिळालं, तर ते उत्तर लेखी मागा.